वडिलांचं वजन वाढलं तेव्हा

एकाहत्तर साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, वडिलांना नगरच्या दवाखान्यातून कोल्हारला घरी आणलं. हृदय थकलं होतं त्यांचं... चार पावलांत दम लागायचा.

निघताना सिस्टरनी बजावलं, "मीठ बंद. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायचं." वजन कशाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी चौथी शिकलेला, त्यातून भित्रा.

शेजारच्या भुसार दुकानात पोत्यांचा काटा होता. वडील त्यावर उभे राहिले की शेठ म्हणायचे, "आज काय माल आणला, पाटील?"
"जुना हाय शेठ, पण किडका न्हाई!"

पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस किलो. मग एकोणपन्नास... पाचव्या दिवशी एक्कावन्न. मी खडूनं भिंतीवर लिहीत होतो आणि आई म्हणत होती, "बघ, अंगाला लागाया लागलंय!" घरात गोडधोड झालं.

बाजारच्या दिवशी दवाखान्याची गाडी गावात आली. सिस्टर घरी आल्या, तसं मी मोठ्या तोऱ्यात त्यांना भिंत दाखवली.

त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी वडिलांच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला... खड्डा तसाच राहिला! मलाही दाबून बघायला लावलं. "हे मांस नाही, पाणी आहे," त्या म्हणाल्या. "जेवणात काय असतं?"

आई म्हणाली, "आमटीत कणभर मीठ न्हाई, बाई. निस्तं लिंबाचं लोणचं देते. त्याला तुमी न्हाई म्हनला न्हवता."

आता मात्र मी विचारलंच, पाणी येतं कुठून? त्या म्हणाल्या, "विहिरीवरचं इंजिन कमजोर झालं की पाणी पुढं जातं का? मागं तुंबतं. आणि मीठ त्या पाण्याला धरून ठेवतं."

त्याच गाडीतून वडिलांना परत नेलं. वाटेत मी रडकुंडीला आलो होतो... आपणच मारत होतो की काय त्यांना! सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू रोज लिहिलंस म्हणून वेळेत कळलं."

आठवड्यानं वडील घरी आले. पुढं तीन वर्षं होते. धाकट्या बहिणीच्या लग्नात अक्षता टाकायला स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

सगळे नवरीकडं बघत होते... मी वडिलांच्या घोट्यांकडं. सूज नव्हती. सिस्टर, तुमचे उपकार.