तहसीलदारांचा आशीर्वाद

कोंबड्याला ‘अहो’ म्हणणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो माझा शेजारी होता. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर होते. निवृत्तीनंतर सारी गल्ली त्यांना मामा म्हणे. दवाखान्यात त्यांचा एक नियम होता. नाव नसलेल्या जनावराला ते पट्टी बांधत नसत. वैजापूरहून बैल घेऊन आलेला माणूस म्हणे, “बैल हाय, नाव कशाला?” मामा कापूस खाली ठेवत. “तुमाला हाय ना? मग त्यालाबी पायजे.” माणूस तिथंच डोकं खाजवून नाव ठरवी, मग मामा बैलाला म्हणत, “या, सर्जेराव, पाय पुढं करा.” नाव घेतलं की ते जनावर आपलं होतं, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य किती, हे मी तपासलेलं नाही.

छावणीतल्या चर्चमध्ये दर ऑक्टोबरात एका रविवारी पाळीव प्राण्यांसाठी प्रार्थना होते. फादर एकेका जनावराचं नाव विचारतात, ते मोठ्यानं उच्चारतात आणि पाणी शिंपडतात. मामा बौद्ध. आशीर्वादावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण नाव विचारणारा दुसरा माणूस शहरात सापडला म्हणून ते दरवर्षी जात आणि लाईन लावत. कुत्री लिंबाकडं, मांजरं भिंतीकडं, पोपटवाले मधोमध. “ओ ताई, तुमच्या मोत्याला आवरा, तो पोपटाकडं लई बघायलाय!”

एका वर्षी त्या रविवारी जावई जेवायला येणार होते. मामांनी पाचोडहून कोंबडा मागवला होता. स्टँडवरून तो घेऊन घरी जायला वेळ नव्हता, म्हणून काखेत धरूनच ते लाईनीपुढं उभे राहिले. फादरांनी साहजिकच विचारलं, “मामा, यांचं नाव?” तीस वर्षं दुसऱ्यांना नावं विचारलेल्या माणसाला स्वतःवर पाळी आल्यावर गप्प बसवेना. त्यांनी तुऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “तहसीलदार.” फादरांनी गंभीरपणे नाव घेतलं, पाणी शिंपडलं.

घरी मामी मसाला वाटून बसल्या होत्या. “आता जावयाला काय हा पाटा वाढू?”

“चारचौघांत नाव घेतलंय त्यांचं. कापता येत नाय.”

जावई भरीत-भाकरी खाऊन गेले. तहसीलदार राहिले. रोज सकाळी मामांसोबत ओट्यावर बसत; मामा त्यांना पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत, त्यातल्या चुका नंतर मला सांगत, कारण मी त्याच पेपरात बातमीदार.

मग मामांचे गुडघे गेले आणि मुलानं दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. पाचवा मजला, सोसायटीत कोंबड्याला मनाई. तहसीलदारांना ठेवून घ्यायला अर्धी गल्ली तयार होती. मामा एकेकाला निरखून परत पाठवत. “नको. त्याच्या डोळ्यांत मला रस्सा दिसायलाय.” जायला आठवडा उरला, तरी त्यांचा निर्णय होईना. मामांचं जेवण सुटलं, असं मामी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ती प्रार्थना आली. “तुमी पेपरवाले, नुसतं बघायला चला,” म्हणून ते मला घेऊन गेले. लाईनीत त्यांनी कोंबडा माझ्या हातात दिला. “जरा धरा. कुत्र्यांची लाईन बिघडली.” कुत्र्यांची लाईन सरळ होती. तेवढ्यात फादर समोर आले.

“नाव?”

“तहसीलदार.”

“आणि सांभाळणार कोण?”

लिंबाखालून मामांचा आवाज आला, “बोला की! समदे ऐकायलेत.”

सगळे पाहत होते. मी माझं नाव सांगितलं. फादरांनी दोन्ही नावं घेतली. मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते एका कुत्र्याच्या पट्ट्याशी बराच वेळ काहीतरी करत राहिले.

यंदा मी आणि तहसीलदार दोघंच गेलो. त्यांना आता एका डोळ्यानं दिसत नाही. कुत्री-मांजरं एकत्र होती, कुणाची साखळी कुणाच्या पायात, एक पोपट उडून लिंबावर बसलेला. पुण्याहून फोन आला.

“नाव घेतलं का?”

“नंबर यायचाय, मामा.”

“फोन धरून ठेवा.”

फादर आले तेव्हा मी फोन पुढं केला. नाव झालं, पाणी झालं. मग फोनवरून मामांनी विचारलं,

“लाईन कशी लागलीय?”

“सरळ लागलीय, मामा,” मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून दिलेली ती माझी पहिली खोटी बातमी.