ताईची उरलेली किडनी

माझ्या पोटात ताईची डावी किडनी आहे. ती तिने मला दिली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसत होतो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नागपूरजवळ कुहीकडच्या एका गावात तिची धानाची शेती आहे. दिलेल्या किडनीला तिने कधी किडनी म्हटलं नाही. ती तिला ‘धाकटी’ म्हणते, लग्न करून दिलेल्या लेकीसारखी. स्वतःजवळ उरली ती ‘थोरली’.

दर रविवारी तिचा फोन येतो.

“धाकटी कशी हाय गा? पाणी देऊन राहिला ना तिले?”

“अडीच लिटर, ताई.”

“मोजून देते बाप्पा! पोरगी हाय का दवाई हाय?”

मी मोजूनच देतो. ज्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू असते त्याने अंदाजाने वागू नये, असं माझं मत आहे.

वर्षातून एकदा, धानाची रोवणी आटोपून पोळा झाला की ताई आणि भाऊजी नागपूरला आमच्याकडे येतात. आम्ही बहीणभाऊ एकाच दिवशी रक्त देतो आणि संध्याकाळी क्रिएटिनिनचे आकडे शेजारी ठेवतो. किडनी जितकी चांगली चालते तितका हा आकडा कमी. ज्याचा आकडा जास्त तो हरला, आणि हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातून सगळ्यांसाठी तर्री-पोहे आणायचे. तिचा आकडा एकच्या खाली, माझा एकच्या वर. एकूण एक वर्षी पोहे मीच आणले.

तीन वर्षांपूर्वी रक्ताचा आकडा नेहमीसारखाच आला, पण सोबत केलेल्या सोनोग्राफीत थोरलीवर गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती साडेतीन सेंटीमीटर भरली आणि कॅन्सरची असावी असं ठरलं. पहिल्या डॉक्टरांनी किडनी काढायला सांगितली. इतरांसाठी तो सरळ मार्ग असतो, कारण त्यांच्याकडे दुसरी असते. ताईची दुसरी माझ्याकडे होती. थोरली काढली तर मी ज्या खुर्चीतून उठलो होतो, त्याच खुर्चीत ती बसणार होती.

त्या संध्याकाळी ताईच म्हणाली, “काहून तोंडं पाडून बसले सगळे? मंग धाकटी वापस दे ना गा.”

“घे. तुझीच आहे,” मी म्हणालो. मी खरंच बोललो होतो.

“दिलेली लेक कोणी वापस आणते का, येड्या?” ती म्हणाली आणि माझ्या बायकोकडे वळली. “याले जेवाले वाढ वं. धाकटी उपाशी असंल.”

मी आणखी दोन ठिकाणी कागद दाखवले. तिसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या की गाठ कडेला आहे, नुसती गाठ काढून किडनी वाचवायचा प्रयत्न करता येईल. एरवी गाठ कापताना किडनीची मुख्य रक्तवाहिनी चिमट्याने बंद करतात, आणि तेवढा वेळ सगळी किडनी रक्ताविना राहते. ताईच्या एकुलत्या किडनीला त्यांना तेवढीही झळ लागू द्यायची नव्हती. म्हणून फक्त गाठीला रक्त नेणारी फांदी शोधून तेवढीच बंद करायची. बरोबर फांदी सापडली का, हे तिथल्या तिथे दिसतं. दंडाच्या शिरेतून एक रंग सोडतात. तो रक्ताबरोबर फिरतो, आणि खास कॅमेऱ्यातून पाहिलं की जिथे रक्त पोचतं ती जागा पडद्यावर हिरवी उजळते. जिथे पोचत नाही ती काळी राहते.

“म्हणजे गाठ काळी राहिली पाहिजे,” मी म्हणालो.

“गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी कड. बाकी सगळं हिरवं.”

मी हे भाऊजींना दोनदा समजावलं. ते दोन्ही वेळा “हो, हो” म्हणाले.

त्या दवाखान्यात थिएटरबाहेरच्या एका खोलीत पडदा लावलेला होता. दुर्बिणीतून आत जे दिसतं तेच तिथे दिसे, आणि डॉक्टरबाईंचा आवाजही ऐकू येई. नातेवाइकांपैकी दोघांनाच बसायची परवानगी होती. भाऊजी आणि मी बसलो. ताईची थोरली मी पहिल्यांदा पाहत होतो. गुलाबी, गुळगुळीत, आणि एका कडेला फुगवटा. डॉक्टरबाईंनी एका बारीक फांदीला चिमटा लावला. “रंग द्या,” त्या म्हणाल्या.

पडद्यावर अंधार झाला. पाऊण मिनिटाने त्या अंधारात एक हिरवी रेघ उमटली, तिच्या फांद्या फुटल्या आणि बघता बघता सगळी किडनी हिरवीगार झाली. फुगवटा आणि त्याची कडसुद्धा.

भाऊजी उभेच राहिले. “हिरवं झालं! कसं धानाच्या बांधीवानी हिरवंगार झालं, पाहा!” मी त्यांचा सदरा ओढेपर्यंत त्यांनी गावात मोठ्या भावाला फोन लावला होता. “दादा, झालं! हिरवंकंच झालं! वाटा लाडू!”

उभा जन्म ज्याने हिरव्या रंगाची वाट पाहिली, त्याला हिरवं वाईट कसं वाटावं?

“भाऊजी, गाठ काळी राहायला पाहिजे होती.”

ते खाली बसले. “म्हणजे?”

“म्हणजे तिला अजून रक्त मिळतं आहे.”

तेवढ्यात आतून आवाज आला, “आणखी एक फांदी आहे. मागून येते. शोधू या.” त्या आवाजात घाई नव्हती. त्याच आवाजावर मी पुढचा वेळ काढला. पहिला रंग उतरेपर्यंत थांबणं भागच होतं. चिमटे अगदी हळू सरकत होते, आणि भाऊजींच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. गावात लाडू वाटायला सुरुवात झाली असणार.

किडनीच्या मागच्या बाजूला सुतळीएवढी एक वाहिनी सापडली. तिलाही चिमटा लागला आणि पुन्हा रंग सोडला. हिरवं पसरत आलं, फुगवट्याजवळ पोचलं आणि थांबलं. गाठ, तिच्याभोवती बोटभर कड, सगळं काळंभोर. बाकी थोरली चमकत होती.

“काळं!” मी ओरडलो. माझ्या आयुष्यात मी आणखी कशासाठी इतक्या मोठ्याने ओरडलो असेन असं मला आठवत नाही.

भाऊजी हलले नाहीत. गाठ निघाली, जखम शिवली, चिमटे सुटले. मग बाईंनी एकदा शेवटचा रंग सोडला आणि या वेळी शिवलेली कडही हिरवी झाली. भाऊजींनी माझा हात घट्ट धरला होता.

“आता हे हिरवं चांगलं का वाईट? आधी सांग, मंग मी खुश होतो.”

“चांगलं, भाऊजी. आता सगळं हिरवंच पाहिजे.”

मग ते रडले, हसले, आणि परत गावाला फोन लावला. तिकडे लाडू संपले होते.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण कापलेल्या कडेत तिचा अंश नव्हता. चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी ताईला तिचं चित्रण मोबाईलवर दाखवलं. ताईने ते तीनदा पाहिलं. “थोरली तर मोठी गोरीगोमटी निघाली,” ती म्हणाली. “धाकटीले मात्र कधी पाह्यलं नाही.” मग नवऱ्याकडे वळून, “अन् तुमी? बायकोचं पोट उघडं अन् तुमाले लाडू सुचले?”

पुढच्या वर्षी पोळ्यानंतर आम्ही पुन्हा रक्त दिलं. संध्याकाळी मी कागद शेजारी ठेवले. माझा १.२, ताईचा १.३. मी चष्मा पुसून परत पाहिलं. डॉक्टरबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या की थोरलीचा थोडा भाग गेला आहे, एवढा फरक पडणारच, आकडा उत्तम आहे. तेव्हा कुठे मला कळलं की मी पहिल्यांदाच जिंकलो आहे.

“ताई, उद्या पोहे तू आणायचे.”

तिने कागद हातात घेतला. आकड्यांवर बोट ठेवून दोन्ही वाचले. मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाली, “जिंकली ते माही धाकटी. तुह्यं काय हाय गा त्यात?”

या हिशेबात मला चूक सापडली नाही. सकाळी पोहे मीच आणले. तिला तर्री जास्त.