कुलपातली कात्री

बर्फाच्या बाईंबद्दल म्हाताऱ्या शिंप्याला खरं म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. त्या राहायच्या कुठे, घरी कोण होतं, त्यांचा डबा संध्याकाळपर्यंत तसाच का पडलेला असायचा, यातलं एकही त्याने कधी विचारलं नाही. नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण चष्मा खिशातून निघेपर्यंत दार उघडायचं. त्या मुलांना बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायला लावत, एवढं त्याला माहीत. म्हणून त्याच्यापुरत्या त्या बर्फाच्या बाई.

त्याची नात, हडकुळी म्हणून घरात जिला सगळे टाचणी म्हणत, पंधराव्या वर्षी स्वतःच्याच जिवावर उठली आणि वाचली. दवाखान्यातून आली ती बाईंच्या वर्गाचं नाव घेऊनच. जगणं नकोसं झालेल्या मुलांना तिथे मनातलं वादळ कसं सोसायचं ते शिकवत. अट अशी, की घरातल्या एका मोठ्या माणसानेही शेजारी बसून तेच शिकायचं. मुलगा परगावी, सून कारखान्यात पाळीला. उरला म्हातारा.

"दुखणं तिचं आणि शाळेत मला घालताय?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"दिवसभर घरात तुम्हीच असता ना, आजोबा?" बाई म्हणाल्या. "मग तुम्हीच यायचं. आणि घरातल्या गोळ्या, ब्लेडं, तुमच्या कात्र्या, सगळं कुलपात."

इथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. शिंप्याची कात्री कुलपात? उद्या म्हणतील, मशीनही विका. मोठ्या कात्र्या त्याने सुनेदेखत ड्रॉवरमध्ये टाकल्या, किल्ली खिशात घातली. छोटी कात्री मात्र मशीनच्या पायाशी चिंध्यांच्या पिशवीत राहू दिली. धंदा काय नखांनी करायचा?

वर्गात संशय वाढतच गेला. बाई टाचणीला म्हणायच्या, "तू जमेल तेवढं करतेच आहेस. आणि तुला याहून जास्त करावं लागणार आहे." त्याच्याशीही तेच. "तुमची काळजी खरी आहे. तिला त्या काळजीचा जाच होतो, तेही खरं." दोन्ही डगरींवर हात ठेवणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली होती. कपडा सैलही हवा आणि अंगाबरोबरही.

बर्फाची पाळी आली तेव्हा त्याने हात मागे घेतले. "गार पाण्यात राहून मन शांत होत असेल, तर बेडकांना संतच म्हणायला हवं."

"रडून बेजार झालेला बेडूक पाहिलाय का कधी?" बाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं.

टाचणी हसली. कित्येक दिवसांनी हसली, तीही परक्या बाईच्या बोलण्याला. त्याला ते झोंबलं.

त्यातून तो फोन. अगदीच सहन होईना झालं की टाचणीने बाईंना फोन करायचा, अशी मुभा होती. ती दार लोटून बोले, म्हातारा दाराला कान लावे. "नाही, आजोबांना नाही सांगितलं," असं एकदा ऐकू आलं. ही बाई पोरीला फितवतेय, त्याची खात्रीच पटली.

एका दुपारी तो बाहेरून आला, तर टाचणी ओट्याशी वाकलेली. तोंड पातेल्यात, केस पाण्यात. त्याने मागचापुढचा विचार न करता तिला खांद्याला धरून ओढलं. पातेलं उलटलं, बर्फ घरभर झाला. ओट्यावर फोन चालूच होता, आवाज मोठा ठेवलेला.

"पोरीला बुडायला शिकवताय का?" तो फोनवर खेकसला.

"आजोबा, ती तुमच्याजवळच आहे ना?" बाईंचा आवाज होता तसाच होता. "बरं झालं आलात. बर्फ उरलाय?"

"सगळा जमिनीवर!"

"दुसरं काही गार?"

"मटार आहेत," टाचणी कुडकुडत म्हणाली.

"मग पिशवी फडक्यात गुंडाळून तिच्या डोळ्यांखाली धरा, आणि नुसते बसा. प्रश्न नकोत, उपदेश नको."

हाताला गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर लागलं. त्यातच त्याने मटार गुंडाळले. टाचणी भिंतीला टेकून बसली, तो शेजारी, ओल्या पायजम्यानिशी. तोंडाशी आलेलं सगळं त्याने गिळलं. हळूहळू तिचा श्वास लांबला.

"आजोबा," ती डोळे मिटूनच म्हणाली, "चिंध्यांच्या पिशवीत एक कात्री आहे."

त्याची मान मशीनच्या पायाकडे वळली.

"मला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता. म्हणून बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आजोबांना तूच सांग."

तो उठला. पिशवी उपसली, कात्री ड्रॉवरमध्ये टाकली, आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

म्हणून काही त्याचा बाईंवर विश्वास बसला, असं नाही. पुढच्या वर्गात त्याने चष्म्यासकट तोंड पाण्यात बुडवलं खरं, पण वर येताच नजर पुन्हा त्यांच्यावर. आपल्या घरातली गोष्ट हिला आपल्याआधी कळते, हे त्याला पचत नव्हतं.

एकदा छत्री विसरली म्हणून तो अर्ध्या वाटेतून वर्गाकडे परत फिरला. खोलीत बाई एकट्याच होत्या. पाण्याच्या भांड्यावर वाकलेल्या, तोंड आत. मग टॉवेल चेहऱ्याला लावून तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ. कुणा मुलाची बातमी आली होती की घरचं काही, ते त्याला आजतागायत कळलं नाही. आत जावं का, विचारावं का, असं झालं. पण प्रश्न नकोत, हे त्यांनीच शिकवलेलं. छत्री तिथेच राहिली.

वर्ग संपला. टाचणीचे वाईट दिवस अजून येतात आणि जातात; ती कॉलेजात आहे. बाई मात्र कुठेशा दुसरीकडे गेल्या. दारावर आता निराळी पाटी आहे.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या होत्या.

"बाई, बाहीचं बटण लोंबतंय."

"राहू द्या आजोबा, घरी लावेन."

"घरी कोण लावतं! बसा. सुई-दोरा खिशातच असतो माझ्या."

त्या पायरीवर बसल्या, हात पुढे केला. तो टाके घालू लागला, तशा त्यांनी त्याच्या दुसऱ्या खिशाकडे वाकून पाहिलं. "आणि कात्री?"

"कुलपात आहे. दोरा दातांनी तोडतो."

"दात आहेत?"

"समोरचे दोन."