गोठ्यामागचा उंचवटा

आमच्या बेटावर शेत थोरल्याच्या गळ्यात पडतं. गुन्वोर थोरली. धाकटा भाऊ शहरात गेला, तो नाताळला फोन करतो. ही गाईंपाशी राहिली. सकाळी दूध, संध्याकाळी दूध. मी तिची शेजारीण, पण बोटीनं पलीकडे एका रात्रीसाठीही तिला कधी नेऊ शकले नाही.

गेल्या वर्षी भाची टुवा म्हणाली, "आत्या, गाई मी सांभाळते. पण एका छपराखाली दोघी नकोत. तू अंगणात छोटं घर बांध." आमची रीतच ती, म्हाताऱ्यांनी किल्ल्या द्यायच्या आणि छोट्या घरात जायचं. गुन्वोर हरखून गेली. साठीच्या बाईनं चक्क प्रवासाची बॅग आणली!

बाकी सगळी दलदल नि खडक. घराजोगी कोरडी जागा एकच, गोठ्यामागचा उंचवटा. पाया खणायला आलेल्या रोआल्डनं यंत्रानं जरा उकरलं नाही तोच गंजलेले खिळे निघाले, एकामागोमाग एक, ओळीनं. लाकूड कधीच कुजलेलं. होडीचा आकार नुसत्या खिळ्यांनी धरून ठेवला होता. इथं शेंबड्या पोरालाही कळतं, हे जुन्या काळचं थडगं, माणसाला होडीसकट पुरलेलं.

"खिळे खिशात टाक," रोआल्ड म्हणाला. "मी काही बघितलं नाही."

"आणि वर खाट टाकून झोपू?"

"मेलेली माणसं घोरत नाहीत, गुन्वोर."

ती हसली नाही. तिनं संग्रहालयाला फोन केला. मला तिचा राग आला, अजूनही येतो.

माणसं आली, ब्रशनं माती झाडत बसली. काचेचे मणी निघाले, कात्री निघाली, थोडे दात. बाई होती म्हणे. होडीला दोन्ही बाजूंनी दगड लावलेले.

"ते कशाला?" गुन्वोरनं विचारलं.

"होडी हलू नये म्हणून."

उरलेलं मातीतच ठेवायचं ठरलं, आणि तिथं कुदळ लावायची नाही. घर राहिलं, तशी टुवानं दक्षिणेत नोकरी धरली.

परवा गुन्वोर उंचवट्यावर बसली होती. मी म्हटलं, "रोआल्डचं ऐकलं असतंस तर आज सुटली असतीस."

"हिला होडी दिली, मणी दिले," ती म्हणाली, "आणि दोन्हीकडून दगड लावले. बाई, तुला जायचंय का, असं कुणी विचारलं असेल? आता मीही तिच्या छातीवर घर बांधू?"

गोठ्यात गाई हंबरायला लागल्या. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आले गं, आले," ती ओरडली. "जातेय कुठं मी!"