मेणाच्या फळीवरचा केक

मेणकाकूंच्या हातचं खाऊन आजवर कुणाचं पोट भरलेलं नाही. पण संग्रहालयात येणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं ते त्यांच्याच हातामुळे. खऱ्या वस्तूवर प्लास्टर ओतायचं, साचा सुटला की त्यात वितळलेलं मेण, आणि वर रंग. प्लास्टरखाली गेलेला पदार्थ खाण्यातून बाद, मग तो कितीही महागाचा असो.

यंदा एक लांबलचक दालन सजत होतं : माणूस काय काय खात आला. दारापाशी कंदमुळं खोदणारी मेणाची रानबाई, तिच्या तळहातावर मधाच्या पोळ्याचा नखाएवढा तुकडा. पुढे भरड धान्य, मग चाळून चाळून पांढरंफेक केलेलं पीठ, मग साखर. शेवटी आजचं ताट. ते सजवायला काकूंनी घरच्या फळीवरचे नमुने पेटीत भरून आणले होते. त्यातल्या एका केकच्या तुकड्याची चकाकी बघून त्यांनी स्वतःलाच शाबासकीही दिली होती. आता काच तेवढी बसायची होती.

दुपारी दालनात कुणी नसे. छतातल्या झरोक्यातून दुधी उजेड खाली झिरपायचा, मेणाच्या वासाने डोळे जड व्हायचे. काकू स्टुलावर टेकायच्या नि मनातल्या मनात रानबाईशी बोलायच्या. बोलायला विषय एकच, नवरा. बस चालवण्यात आयुष्य गेलेलं, आता रक्तात साखर, पायाच्या अंगठ्याला जखम, महिने झाले तरी ओलीच. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल." काकूंनी घरातून गोडाचं नावनिशाण पुसलं. तरी साखर उतरेना. जळो मेली, येते तरी कुठून?

त्या दुपारी त्यांना मुंग्या दिसल्या. मधाकडे, साखरेकडे ढुंकूनही न बघता त्यांची रांग सरळ आजच्या ताटात चढत होती, केकवर. काकूंनी नख रोवलं. नख भसकन आत गेलं.

काखेत कळसा नि गावाला वळसा! कपाटं धुंडाळली, खिसे उलटे केले, आणि या बाबाने चोरून आणलेलं गोड ठेवलं कुठे, तर बायकोच्याच फळीवर, मेणाच्या नमुन्यांत. आणि आपण बेकरीवाल्याच्या केकवर स्वतःची पाठ थोपटून घेतली! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिथेच बसून त्या रडल्या. भीतीच वाटली त्यांना, साधी भीती.

डोळा लागला की नाही कोण जाणे, पण रानबाई हातातली काठी टेकून शेजारी येऊन बसली.

"रागावू नकोस गं. दिवसभर वणवण करून, माशांचे डंख सोसून एवढा तुकडा मिळायचा. दिसलं गोड की खाऊन घे, पुन्हा कधी मिळेल काय ठाऊक, हे आम्हीच पोराबाळांना शिकवलं. तुझ्या नवऱ्याची जीभ माझीच आहे. फरक इतकाच, त्याचं पोळं कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलंय आणि माशा कुठेच नाहीत."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मेल्यावरही गेली नाही, काकूंना वाटलं, आणि रडता रडता हसू आलं.

संध्याकाळी घरी त्यांनी केक नवऱ्यापुढे ठेवला. तो खाली मान घालून बसला.

"अगं, मेणात केक खपून जाईल असं वाटलं. ठरवतो गं मी रोज. पण जीभ ऐकत नाही."

"तिचं वय ठाऊक आहे मला. अहो, पण मला तुमचा अंगठा हवाय. तुम्ही अख्खे हवे आहात मला."

त्याने केक जवळ ओढला. मग म्हणाला, "तुझ्या ताटातला केक कमी झाला असेल ना? याचाच साचा काढ." आणि प्लास्टरचं भांडं त्याने स्वतःच ओढलं. ओतण्याआधी केक सरळ करायला गेला, तर साखरेच्या थरात बोट रुतलं. काकूंनी तो खळगा तसाच राहू दिला. प्लास्टर हळूहळू पसरत गेलं आणि केक दिसेनासा झाला.

त्यानंतर एकदाही घसरला नाही असं नाही. पण आता घसरला की येऊन सांगायचा, आणि मग दोघं जेवणानंतर लांब फेरी मारून यायची. जखमेच्या कडा सुकल्या, मग मधलंही भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगठा राहिला. आता सांभाळा."

तिथून तो थेट दालनात आला. रानबाईपासून निघाला, एकेका ताटाशी थांबत सावकाश चालत शेवटच्या काचेपाशी पोचला. मेणाच्या केकवर त्याच्या बोटाचा खळगा होता.

"मुंग्या येतात का गं अजून?"

"नाही हो," काकू म्हणाल्या आणि पदराने काचेवरची धूळ पुसू लागल्या, कारण त्याच्या पायांकडे बघितलं असतं तर त्यांना पुन्हा रडू आलं असतं.