नानांचा बठ्ठा आणि माझा बट्टा

हसायचं नाही हं, आधीच सांगतोय! मी स्वतःच्या तोंडाने स्वतःचं जेवण घालवलेला माणूस आहे. तेही नियम दाखवून!

झालं काय, मी पक्का पुणेकर. म्युच्युअल फंडाच्या कंपनीने उचलून टाकलं धुळ्याला. ऑफिसात माणसं किती? मी. आणि सकाळी झाडायला येणाऱ्या अक्का. आठ महिन्यांत मला कुणी ‘जेवलास का?’ विचारलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, डबेवाल्या काकूंना फोन करून मीच विचारायचो, "आज भाजी कुठली?" तेवढंच बोलणं!

आणि एक दिवस निरोप आला, मुंबईहून तीन फंड मॅनेजर येणार, गुंतवणूकदारांशी चर्चा! दुभाषी कोण? मी! हेड ऑफिसच्या मते मराठी म्हणजे मराठी, पुण्याची काय नि धुळ्याची काय! मी तर हवेत. आता गावात चार ओळखी होतील, कुणीतरी घरी बोलावेल!

हॉल भरला. पहिले साहेब म्हणाले, मार्केट वर जाणार. दुसरे म्हणाले, पडणार. तिसरे म्हणाले, लाँग टर्म बघा. म्हणजे कुणीच चुकणार नाही, बरं का!

मग पुढच्या रांगेतले नाना उठले. सोनगीरचे, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. आवाज असा की माइकच घाबरावा.

"साहेब, बजार पडना ते बठ्ठा पैसा काढी लेवाना का?"

आता भांडेवाले जुनी भांडी घेताना बट्टा कापतात, हे मला माहीत. हुशार ना मी! मी साहेबांना हिंदीत सांगितलं, "सर, ते बट्टा मागतायत. डिस्काउंट. कमिशनमधून काहीतरी परत द्या म्हणतायत."

तिसरे साहेब ताडकन उभे. "बिल्कुल नहीं! रेग्युलेटर बहुत सख्त है. ये चलेगा ही नहीं!"

मी नानांना ठणकावलं, "नाना, नाही मिळणार. नियमातच नाही!"

"मना पैसा, अन् माले भेटाव नई?"

"एक रुपया नाही!"

मागून कोणीतरी ओरडलं, "पैसा बठ्ठा अडकना रे!" झालं! खुर्च्या सरकल्या, फोन निघाले, एक काका चहाचा कप हातात धरूनच दाराकडे पळाले. मी माइकमध्ये ओरडतोय, "शांत राहा, बट्टा कोणालाच मिळणार नाही!" म्हणजे आगीत तेल, आणि ओतणारा मी!

शेवटी साहेबांनीच माझ्या हातातला माइक हिसकावला. "अरे भाई, पैसा आपका है, जब चाहे निकालो!" हॉल गार. पण एवढा गोंधळ कशाने झाला, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. दगड!

नाना मात्र दिलदार. हसत हसत स्टेजजवळ आले, सगळ्यांकडे हात फिरवून म्हणाले, "चाला, बठ्ठा मना घर जेवाले चाला! वांगानं भरीत शे."

पुन्हा बट्टा? आता जेवणातून? मी छाती काढून म्हणालो, "नाना, सॉरी. मला बट्टा चालत नाही. नियम म्हणजे नियम!"

नानांनी विचारलं, "जेवाना बी नियम शे का, भाऊ?"

"आहे!"

"बरं बा," म्हणाले, आणि साहेबांकडे वळून, "चलो साब, गाडी खडी है." तिन्ही साहेब गेले. रेग्युलेटरवालेसुद्धा! मला वाटलं, बघा, कंपनीत प्रामाणिक असा मी एकटाच. रूमवर आलो आणि डब्यातली गार मुगाची खिचडी खाल्ली. अभिमानाने!

सकाळी अक्कांना सगळं रंगवून सांगितलं. अक्कांनी झाडूच खाली ठेवला. "अरे भाऊ, बठ्ठा म्हणजे सगळे! सगळ्यांना जेवायला बोलवलं त्यांनी. तुलाबी!"

मी खुर्चीत बसलो. आठ महिने मी कुणाशी चार शब्द बोललो असतो, तर त्यातला एक हा असता ना!

लगेच गुंतवणूकदारांच्या यादीतून नंबर काढून नानांना फोन लावला. "नाना, चुकलो हो! मला वाटलं बट्टा. ते भरीत… आहे का थोडं?"

नाना इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाले, "भरीत ते बठ्ठं सरी गयं, भाऊ!"

आणि या वेळी मात्र मला पहिल्या फटक्यात समजलं.