दोन बॉल

माझ्या मित्राच्या दहाव्याला एका पुढाऱ्यानं भाषण करून त्याला राज्याचा खेळाडू करून टाकलं. या पुढाऱ्यानं आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावला नसेल. 'न भरून निघणारी हानी' वगैरे म्हणून तो गाडीत बसला आणि पुढच्या गावच्या दहाव्याला निघून गेला. माझं डोकं सणकलं. आमच्या कॉलेजच्या टीमचा मी कप्तान होतो आणि हा माझा बॅक. कौतुक करायचंच तर खरं करावं, म्हणून मी माईक हातात घेतला.

तो राज्याचा वगैरे कधीच नव्हता. नांदूरघाटकडून अंबाजोगाईला कॉलेजात आला तेव्हा त्याला बॉल धड अडवता येत नव्हता. माणूस मात्र अडवता यायचा. समोरून येणारा गडी बॉलसकट आडवा व्हायचा. मग हाच त्याला हात देऊन उठवायचा, त्याच्या पाठीवरची माती झटकायचा आणि विचारायचा, "लई लागलं का बे?" अगदी मनापासून विचारायचा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तसाच धडकायचा. पुढे पुढे समोरची पोरं त्याच्या बाजूनं यायचीच बंद झाली.

मग मी तो किस्सा सांगितला. पंचवीस-तीस वर्षं मी तो लग्नाकार्यात, पुरुषांच्या पंगतीत सांगत आलोय, आणि दर वेळी लोक हसलेत.

सामना अटीतटीचा होता. उंच आलेला बॉल डोक्यानं मारायला तो आणि समोरचा एकदम उडाले. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला आणि हा खाली पडला तो हलेना. ग्राउंडबाहेरच्या भेळवाल्याकडून कांदा आणला, बुक्कीनं फोडला, त्याच्या नाकाला लावला. त्यानं डोळे उघडले. आमच्याकडे बदली खेळाडू नव्हता. दोन पोरं आईबापाबरोबर ऊस तोडायला गेलती. मी त्याला बखोटीला धरून उभं केलं. तो माझ्या कानाशी म्हणाला, "मला दोन-दोन बॉल दिसायलेत बे."

मी म्हणालो, "मग दोन्ही मार."

आणि तो शेवटपर्यंत खेळला. आम्ही जिंकलो आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचलो.

मांडवातही लोक हसले. त्याचा भाऊ डोळे पुसत पुसत हसला. बायकांच्या बाजूला बसलेली त्याची बायको मात्र हसली नाही. ती माझ्याकडे एकटक बघत होती. ती का बघतेय हे मला कळलं, आणि मी माईक खाली ठेवला.

गेल्या काही वर्षांत त्याचं सगळं बिघडलं होतं. चालताना झोकांड्या जायच्या. शेताकडे निघायचा आणि भलत्याच रस्त्यानं जायचा. कधी नव्हे ते भरलं ताट भिरकावून द्यायचा. गाव म्हणालं, प्यायला लागला. मीही म्हणालो. एकदा पारावर चार माणसांत मी त्याला झाडलं. त्यानं आईची शपथ घेतली, तर मी म्हणालो की सगळेच पिणारे आईची शपथ घेतात. हे आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

शेवटी बायकोनं त्याला अंबाजोगाईला डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होतो. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कधी डोक्याला जोराचा मार बसला होता का?" त्याला तोवर नीट सांगता येईनासं झालं होतं. तिचं लग्न कॉलेजनंतरचं, तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी ऐटीत म्हणालो, "डॉक्टरसाहेब, यानंच लोकांना मारलंय. याला कोण मारणार?"

मी खोटं बोललो नाही. तो सामना मला आठवलाच नाही. तो मार म्हणून माझ्या डोक्यात राहिलाच नव्हता, गंमत म्हणून राहिला होता. सांगितलं असतं तर तो वाचला असता का? दहाव्यानंतर ओळखीच्या एका डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला की आता काही सांगता येणार नाही. म्हणजे माझी सुटकाही नाही.

जेवणं उरकल्यावर मी चपला शोधत होतो. ती दारात आली.

"भाऊजी, वाढलेल्या ताटात त्यांचा हात बरोबर पडत नव्हता. बाजूला पडायचा, भुईवर. मी म्हणायचे, आजबी पिऊन आलात."

मी चपला शोधायचा थांबलो.

"डॉक्टरनं इचारलं तवा हे कावून न्हाई सांगितलं?"

"आठवलं नाही, वहिनी. खरंच आठवलं नाही."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"आज तर कांदा कुणाकडून आणला ते बी आठवलं की तुमाला."